गल्लीतलं सुशीचं दुकान : बसण्याआधी काय विचाराल?

जालना, अंबड, परतूर, भोकरदनकडच्या घरांतून एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेला असतो, मुलगी जपानी भाषा शिकून तोक्योला गेलेली असते. आईवडील भेटायला जातात आणि एका संध्याकाळी पोरं हट्ट धरतात : आज सुशी खायला जाऊ, इथे गल्लीत एक छोटंसं दुकान आहे, फारसं कुणाला माहीत नाही. आईवडिलांना मोडता घालवत नाही. पण शंका असतातच. मासे कच्चे असतात म्हणे, ते पचतील का? गळ्यात माळ आहे, मग माझ्या ताटात काय येणार? काड्यांनी खाता आलं नाही तर? बिल किती होईल आणि त्यात काय काय लावतील?

या शंका मनात ठेवून बसलात तर घास उतरत नाही. त्या बोलून दाखवा. छोट्या दुकानाची मोठी सोय हीच की करणारा माणूस फळीपलीकडे, हाताच्या अंतरावर उभा असतो. मोठ्या हॉटेलात तुमचा प्रश्न वेटरबरोबर आत जातो आणि अर्धवट होऊन बाहेर येतो. इथे तो थेट ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्याकडे जातो. कोणते प्रश्न, कधी आणि का विचारायचे, ते पुढे सांगतो आहे.

आधी घरीच ठरवा : कच्चं खायचं की नाही

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज अर्धाच खरा आहे. सुशीत हमखास असतो तो भात : चिकट तांदळाचा, व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला. त्यावर किंवा त्याच्या पोटात काय घालायचं हे बदलतं. निगिरी म्हणजे हाताने दाबलेला भाताचा लांबट गोळा, नैवेद्याच्या मुदीहून बराच लहान, आणि वर माशाचा काप. माकी म्हणजे नोरी या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पातळ पानात गुंडाळून कापलेल्या चकत्या. साशिमी म्हणजे भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप. ती मागवली तर कच्चंच येणार.

कच्चं नको असेल तरी मासे खाणाऱ्यांना भरपूर पर्याय आहेत. ही नावं लक्षात ठेवा :

- एबी : कोळंबी. निगिरीवर ती बहुधा उकडलेली असते. ‘अमा एबी’ मात्र कच्ची असते.
- उनागी : वाम मासा, भाजून गोडसर सॉस लावलेला. वाम कच्ची देतच नाहीत, कारण तिचं कच्चं रक्त विषारी असतं.
- तामागो : गोडसर अंड्याची घडी.
- तेम्पुरा रोल : तळलेली कोळंबी किंवा भाजी आत घातलेला.
- कानिकामा : ‘क्रॅब स्टिक’ म्हणून येते. बहुतेक वेळा तिच्यात खेकडा नसतो. पांढऱ्या माशाचा शिजवलेला गर, स्टार्च आणि अंड्याचा पांढरा भाग असतो.

कच्चे असतात ते टूना (मागुरो), सॅल्मन, हामाची आणि इकुरा, म्हणजे सॅल्मनची केशरी अंडी.

काही जणांनी कच्चं खाऊच नये, आणि याबाबत घरातल्या कुणाचाही आग्रह ऐकू नये. गरोदर बाई, लहान मुलं, फार वयस्क माणसं, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले, यकृताचा जुना आजार असलेले यांनी शिजवलेलं किंवा शाकाहारीच घ्यावं. मधुमेह ताब्यात नसेल तर त्यांनीही. बाळंतपणाला मुलीकडे गेलेल्या आया ‘एकदा खाल्लं तर काय होतं?’ असं विचारतात. कच्च्या माशातला लिस्टेरिया हा जिवाणू आईला फारसा त्रास न देताही पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे एकदाही नाही.

‘ताजा आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे

आपला जिल्हा समुद्रापासून दूर. नदीचा मासा आपण डोळे आणि कल्ले बघून घेतो, म्हणून सुशीच्या दुकानातही पहिला प्रश्न तोच येतो : मासा ताजा आहे ना? पण कच्चा खायच्या माशाला नुसता ताजेपणा पुरत नाही. समुद्री माशात अनिसाकिस नावाची बारीक जंताची अळी असू शकते, आणि ती नुकत्याच पकडलेल्या माशातही असते. ती मरते शिजवल्याने किंवा खूप खोल गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनाप्रमाणे कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ अंशांवर कडक गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवावा. आपल्या घरचा फ्रीझर साधारण उणे १८ च्या आसपास चालतो, म्हणजे घरी हे भरवशाने होत नाही.

म्हणून दुकानदार ‘आमचा मासा गोठवलेला असतो’ म्हणाला तर नाक मुरडू नका. माहितगार दुकानदाराचंच ते उत्तर आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या : गोठवण्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत, ते फक्त झोपतात. मासा बाहेर काढल्यावर तो किती वेळ कुठे होता, हे तेवढंच महत्त्वाचं.

जपानी लोक कच्चा सॅल्मन पिढ्यान्‌पिढ्या खात आले असतील असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जंतांच्या भीतीने ते सॅल्मन शिजवून किंवा खारवून खात. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सॅल्मन जपानमध्ये खपवायची मोठी मोहीम हाती घेतली आणि त्यानंतर तो कच्चा सुशीवर आला. ज्यांनी हा पदार्थ घडवला तेही कोणता मासा कच्चा खावा याबाबत इतके सावध होते, तर आपण चार प्रश्न विचारायला कचरू नये.

विचारायचं ते असं :

- हा मासा कुठून येतो आणि कोणत्या दिवशी येतो?
- कच्चा देण्यासाठी तो गोठवलेला आहे का?
- आज काय चांगलं आहे?

शेवटच्या प्रश्नावर चांगला कारागीर खुलतो. तो एखादं नाव घेईल आणि एखादं टाळायलाही सांगेल. पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात कोणी ‘आज सकाळी ट्रॉलरवरून आलेला’ असं सांगत असेल तर कच्चं न घेतलेलं बरं.

शब्दांइतकंच डोळ्यांनीही बघा. काचेच्या थंड पेटीत मासे झाकलेले आहेत का? भाताला लागणारा हात आणि पैसे घेणारा हात एकच आहे का? सुरी आणि फळी मधूनमधून पुसली जाते का? दुकानात शिरल्यावर माशाचा उग्र वास आला तर कच्चं मागवू नका. काकडीचा रोल आणि चहा घ्या, किंवा नम्रपणे उठा. ऑर्डर देण्याआधी उठलं तर कुणाचंही देणं लागत नाही.

जालना किंवा छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या कॅफेच्या मेनूवर सुशी दिसली तर माझं मत स्पष्ट आहे : शाकाहारी आणि शिजवलेलं जरूर खा, कच्चं तेव्हाच घ्या जेव्हा वरच्या प्रश्नांची उत्तरं अडखळल्याशिवाय मिळतील.

माळकरी, शाकाहारी, जैन : खरी अडचण दिसत नाही ती

समर्थांचं जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, जालना शहरात गुरुगणेश तपोधाम. इथल्या निम्म्या वाचकांचा प्रश्न मासा कच्चा की शिजलेला हा नसतोच. मासा नकोच असतो. त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण फसगत होते ती इथेच.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ सार. ते बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचा कीस, उकळून काढतात. नजरेला मासा दिसत नाही, वासही सौम्य असतो. त्यामुळे मेनूवर हिरवी खूण असली किंवा पदार्थात फक्त भाजी दिसली, तरी विचारणं गरजेचं आहे.

- काप्पा माकी (काकडी) आणि आव्होकाडो रोल : सर्वांत सुरक्षित. वरून मेयोनीज नको म्हणा. त्यात अंडं असू शकतं. केशरी दाणे नकोत हेही सांगा. ती माशांची अंडी असतात.
- ओशिन्को : पिवळ्या मुळ्याचं लोणचं. बहुतेक वेळा चालतं, पण कशात मुरवलं ते विचारा.
- इनारी : तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात. दिसायला पूर्ण शाकाहारी, पण टोफू पुष्कळदा दाशीतच शिजवलेला असतो.
- कान्प्यो : वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या. हीच अडचण.
- मिसो सूप : न विचारता घेऊ नका. फक्त कोंबू या शेवाळाच्या दाशीतलं मिळालं तर उत्तम.
- भाज्यांचा तेम्पुरा : पिठात अंडं असतं, आणि तेल कोळंबीचं तेच असू शकतं.

‘व्हेज आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारलात की उत्तर ‘हो’ येतं, कारण सांगणाऱ्याच्या मनात भाजी असते आणि तुमच्या मनात माशाचं सारही असतं. थेट विचारा : यात माशाचं सार आहे का? अंडं आहे का? सुरी आणि फळी वेगळी वापराल का? छोट्या दुकानात वेगळी फळी नसते, पण सांगितलं तर धुऊन घेतात. एवढ्याने तुमचं समाधान होणार नसेल तर तिथे फक्त चहा घ्या आणि जेवायला दुसरीकडे जा. पोरांना हे आधीच सांगा. आयत्या वेळी सगळेच अवघडतात.

जैन वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. ताटलीत येणारं गुलाबी आलं, हिरवी वसाबी आणि मुळा हे तिन्ही कंदमूळ आहे. ते बाजूला ठेवण्यापेक्षा वाढूच नका असं सांगा. आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचं असेल तर दुपारची वेळ घ्या. अशी दुकानं दुपारच्या जेवणानंतर बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात, त्यामुळे चार वाजता गेलात तर दार बंद मिळेल.

मद्य वर्ज्य असलेल्या वाचकांनी, मग ते मुस्लीम असोत की माळकरी, मिरिन हा शब्द ध्यानात ठेवावा. ते तांदळाचं गोड पाकमद्य आहे आणि उनागीच्या सॉसमध्ये, तामागोत, इनारीच्या पाकात पडतं. त्याचं नाव घेऊन विचारा.

गव्हाची ॲलर्जी असेल तर सोया सॉसमध्येही गहू असतो. आणि आपल्याकडे मिळणारी वसाबी ही बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांची पेस्ट असते, म्हणजे मोहरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावी.

ताटली समोर आल्यावर

इथे घाबरण्यासारखं काही नाही. निगिरी हाताने खाणं जपानमध्येही रीतीला धरून आहे. भाताचा गोळा हलका दाबलेला असतो. दोन बोटं आणि अंगठा यांत तो आडवा धरा, किंचित कलता करा, माशाची बाजू सोया सॉसला जेमतेम लावा आणि एका घासात तोंडात घाला. भात सॉसमध्ये बुडवलात तर तो लगेच सुटतो, वाटीत शितं पडतात आणि उरतो तो फक्त खारटपणा. अर्धा चावून उरलेला ताटलीत ठेवायचा प्रयत्न केलात तरी तो फुटतोच. घास मोठा वाटत असेल तर ‘भात कमी घाला’ असं आधी सांगा. कारागीर आनंदाने करतो.

वसाबी पहिल्यांदा खात असाल तर मोहरीच्या दाण्याएवढी घ्या. तिचा झटका जिभेवर नाही, नाकात चढतो. निगिरीत ती आतच लावलेली असते, त्यामुळे नको असल्यास आधी सांगावं लागतं. आलं हे दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला. सुशीवर रचायला नाही.

काड्या जमत नसतील तर हात वापरा, नाहीतर चमचा मागा. काड्या घेतल्याच तर दोन गोष्टी पाळा : त्या भातात उभ्या खोचू नका, आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. दोन्ही गोष्टी जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. बाकी चुका कुणी मनावर घेत नाही.

भारी अत्तर लावून जाऊ नका. आठ-दहा माणसांच्या खोलीत ते सगळ्यांच्या घासात उतरतं. फोटो काढण्याआधी विचारा. कारागिराने समोर ठेवलेली निगिरी लगेच खा. गार मासा आणि कोमट भात हीच तिची चव आहे, आणि ती मिनिटा-दोन मिनिटांत जाते.

बिल : काय द्यायचं, काय नाकारता येतं

सुशीचे दर वाचताना पहिली गफलत होते ती नगांची. एका ताटलीत कधी दोन नग, कधी चार, कधी आठ. दराशेजारी आकडा नसेल तर विचारा. काही माशांपुढे दर न लिहिता ‘बाजारभावाप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. आकडा ऐकल्याशिवाय हो म्हणू नका. ‘ओमाकासे’ म्हणजे काय वाढायचं ते कारागिरावर सोडणं. ते आधी ठरलेल्या रकमेत असतं आणि सहसा आधी सांगून ठेवावं लागतं. पहिल्या खेपेला, आणि विशेषतः पथ्य असलेल्यांनी, त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे बिलावर या गोष्टी तपासा :

- जीएसटी : साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के असू शकतो.
- कंपोझिशन योजनेतला दुकानदार : लहान दुकानं या योजनेत असू शकतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहिणं बंधनकारक आहे.
- सर्व्हिस चार्ज : हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली. तेव्हा शांतपणे सांगा, ‘हा काढून बिल द्या.’ ‘स्टाफ फी’ असं दुसरं नाव दिलं तरी नियम तोच. सेवा आवडली तर टीप तुमच्या मर्जीने द्या.
- परवाना क्रमांक : १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. गल्लीतलं, पाटी नसलेलं दुकान असलं तरी यातून सूट नाही. आत शिरतानाच भिंतीवर परवाना लावलेला आहे का ते बघा.

यूपीआयने पैसे दिले तरी छापील बिल मागून घ्या. पुढे तक्रारीची वेळ आली तर तोच आधार.

तोक्योत किंवा ओसाकात जात असाल तर

मुलांकडे जपानला निघालेल्या आईवडिलांना माझं सांगणं असं की पहिली सुशी गल्लीतल्या छोट्या दुकानात नको, फिरत्या पट्ट्याच्या दुकानात खा. ही पद्धत योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ सुरू केली. हल्ली ताटल्या पट्ट्यावर फिरण्यापेक्षा पडद्यावर चित्र बघून मागवायच्या असतात. दर लिहिलेला, काकडीचा रोल हमखास, कुणाशी बोलावं लागत नाही. दोनदा तिथे जेवलात की छोट्या दुकानात बुजायला होणार नाही.

छोट्या दुकानाचं दार बंदच असतं आणि आत डोकावता येत नाही. दारावर नोरेन, म्हणजे कापडी झालर, टांगलेली असेल तर दुकान उघडं आहे. ती आत घेतलेली असेल तर बंद. आठ-दहा खुर्च्या असतात, म्हणून चार जणांनी न कळवता जाऊ नये. मुलांना आधी फोन करायला सांगा आणि फोनवरच पथ्य कळवा. कळवून गेला नाहीत किंवा ऐन वेळी रद्द केलंत तर पैसे मागितले जाऊ शकतात, आणि ते रास्तही आहे. तुमच्यासाठी आणलेला मासा दुसऱ्या दिवशी चालत नाही.

पैशांचं थोडक्यात : जपानमध्ये टीप देत नाहीत, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत करतील. बसून खाल्लं तर कर १० टक्के, घरी नेलं तर ८ टक्के. १ एप्रिल २०२१ पासून ग्राहकाला दाखवायचा दर करासहितच लिहावा लागतो. जिथे मद्यही मिळतं अशा खानावळीत बसल्याबरोबर न मागवलेली छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसे लागतात. तिच्यात मासा असू शकतो, म्हणून खाण्याआधी विचारा. रोख येन जवळ ठेवा. छोटी दुकानं कार्ड घेतीलच असं नाही.

तीन वाक्यं कागदावर लिहून न्या :

- ‘कात्सुओ-दाशि हाइत्ते इमास का?’ : माशाचं सार आहे का?
- ‘साबि-नुकि दे ओनेगाइ शिमास’ : वसाबी न लावता द्या.
- ‘ओकाइके ओनेगाइ शिमास’ : बिल द्या.

शुद्ध शाकाहारी असाल आणि बरेच दिवस राहणार असाल तर तोक्योच्या एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाई भागाचं नाव लक्षात असू द्या. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, भारतीय जेवण आणि वाणसामान मिळतं. मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले होते. सुशीच्या दुकानात मुलांना सोबत द्या आणि जेवण निशि-कासाईत करा; दोघांचंही मन राखलं जातं.

पार्सल गावाकडे आणू नका

मुलं प्रेमाने डबा भरून देतात, ‘घरी जाऊन आजीला द्या’ म्हणतात. मुंबईहून वंदे भारतने निघालात तरी जालना गाठायला सहा तासांच्या वर जातात, समृद्धी महामार्गाने गाडीतूनही बरेच तास लागतात. कच्चा मासा असलेली सुशी थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एकच तास. बर्फात ठेवलीत तर मासा टिकेल, पण भात कडक होऊन खडे चावल्यासारखा लागतो. आजीसाठी नोरीचं पाकीट आणा.

त्या पाकिटाचं जालन्यात पुष्कळ काही करता येतं. इंद्रायणी तांदूळ चिकट असतो, सुशीला तो चांगला लागतो. भात शिजला की गरम असतानाच व्हिनेगरमध्ये साखर-मीठ विरघळवून ते हलक्या हाताने मिसळा आणि पंख्याखाली कोमट होऊ द्या. आत काकडी, उकडलेलं गाजर, पनीरच्या पट्ट्या. गुंडाळी जमत नसेल तर भातावरच सगळं पसरा. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामा शहराच्या मैत्रीतून झालं, तिथली प्रसिद्ध बाराझुशी अशीच असते, न गुंडाळलेली, भातावर नाहीतर भातात पसरलेली. नोरीवर कात्री चालवून वरून टाका.

घरच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र कदापि करू नका. गोदावरी, पूर्णा, दुधना, जायकवाडी, घाणेवाडी, कुठलाही गोड्या पाण्यातला मासा कच्चा वापरू नका. रोहू, कटला, मरळ कितीही ताजे असोत. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाच्या यकृतात आणि आतड्यात घर करणारे कृमी असू शकतात, आणि लिंबू किंवा व्हिनेगर चोळल्याने ते मरत नाहीत. बाजारात मिळणारी गोठवलेली समुद्री मच्छीही शिजवून खायच्या हिशोबानेच गोठवलेली असते.

त्रास झाला तर

टूना किंवा बांगडा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा लाल होणं, अंगाला खाज, धडधड, डोकेदुखी झाली तर ती नीट न साठवलेल्या माशातल्या हिस्टामिनची बाधा असू शकते. असा मासा शिजवल्यानेही निर्दोष होत नाही. श्वास लागत असेल तर थांबू नका, थेट रुग्णालयात जा. कच्चा समुद्री मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर डॉक्टरांना ‘कच्चा मासा खाल्ला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. अनिसाकिसचा संशय त्यांना तेव्हाच येईल, आणि दुर्बिणीने अळी काढता येते. साध्या जुलाब-उलट्यांना ओआरएस सुरू करा; ताप आला, रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना. हे ‘बाहेरचं सोसलं नाही’ म्हणून अंगावर काढू नका.

कागद जपा : बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, उरलेल्या पदार्थाचा आणि बिलावरच्या परवाना क्रमांकाचा फोटो. मग :

- महाराष्ट्रातल्या दुकानाबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. दुकानाची तपासणी करण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार त्यांच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे. जितक्या लवकर कळवाल तितका उपयोग, कारण त्या दिवशीचा मासा दोन दिवसांनी तिथे नसतो.
- सर्व्हिस चार्ज काढला नाही किंवा बिलात गोंधळ असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. टेबलावर बसूनही फोन लावता येतो.
- भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग.

या शेवटच्या पर्यायाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘जेवलो मुंबईत, आता खटल्यासाठी मुंबईच्या खेपा कोण घालणार?’ असं म्हणून लोक सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ही अडचण दूर केलेली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे तुम्ही मंठ्याचे किंवा बदनापूरचे असाल तर वांद्र्यातल्या दुकानाविरुद्धची तक्रार जालन्याच्या आयोगात दाखल होते, आणि उत्तर द्यायला त्या दुकानाला इथे यावं लागतं. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, स्वतः बाजू मांडता येते, ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागता येते. तक्रार साध्या मराठीत लिहा : तारीख, काय खाल्लं, किती पैसे दिले, काय झालं, उपचारावर किती खर्च आला, काय मागणी आहे. त्याआधी दुकानाला लेखी कळवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर घटनेपासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे जा.